पटवर्धन घराणे आणि आपला मुलूख
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



बेळगावचे शहापूर १९४८ सालापर्यंत सांगली संस्थानात मोडत असे. आपल्यापैकी पुष्कळांनी ही गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. या नात्याने ज्या पटवर्धन घराण्याचा आपल्या मुलखाशी संबंध आला, त्याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

घराण्याचे मूळपुरुष हरभट हे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. घरी भिक्षुकी, दैवत गणपती. घाट चढून ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये झाले आणि त्या ओळखीने त्यांची मुले पेशव्यांच्या चाकरीत शिरली. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्यांना मिरजेकडील मोठा सरंजाम मिळाला. पळी-पंचपात्र धरणाऱ्याच्या घरात दोन पिढ्यांत तलवार आली!

त्यांतील परशुरामभाऊ फार गाजले. तासगावचे उंच गोपुराचे गणपतीमंदिर त्यांचेच. १७९९ साली कोल्हापूरकरांशी लढताना ते पट्टणकुडीस पडले. ते गाव आपल्या निपाणीजवळच आहे. त्या रणात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे मेली, हे विसरून चालणार नाही.

थोरांचे दोषही सांगावेत. १७९१ च्या म्हैसूरवरील मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठ पुन्हा उभा राहावा म्हणून द्रव्य धाडले ते टिपू सुलतानाने. देवभक्त घराण्याच्या नावावर हा डाग राहिला.

पुढे वाटण्या झाल्या. चुलत्याशी न पटल्याने चिंतामणरावांनी मिरज सोडून १८०१ साली सांगली वसविली. मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, तासगाव अशा शाखा झाल्या. तासगावास पुरुष वारस उरला नाही, म्हणून इंग्रजांनी १८४८ साली ते खालसा केले. उरलेली संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली.

मग उरले काय? चिंतामणरावांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाचा तो आरंभ मानला जातो. पुण्याच्या कॉलेजास सर परशुरामभाऊंचे नाव लागले ते जमखंडीकरांच्या देणगीमुळे. हे परशुरामभाऊ पट्टणकुडीचे वीर नव्हेत, त्याच घराण्यातील जमखंडीचे अधिपती. सरंजाम गेला, पण त्या कॉलेजात आजही मुले शिकत आहेत.

मंडळी, जहागिरीस औरस किंवा दत्तक वारस लागतो. धर्मादाय कार्यास तसा लागत नाही. आपल्या न्यासातून ज्या मुलाची फी भरली जाते, तोच आपला वारस. मग तो घरी मराठी बोलो की कानडी. एकच काळजी घ्यावी: पटवर्धनांसारख्या शाखा आपण पाडू नयेत, आणि हिशेबाची वही सर्वांपुढे उघडी ठेवावी.