गणवेशापलीकडील सेवा
(ज्ञातिमंडळाच्या नगर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



पोलीस खात्यात हयात घालविलेल्या मजसारख्यास आपण बोलाविलेत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आपल्या जिल्ह्यात कोपरगावापासून जामखेडपर्यंत पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुलेमुली दिसतात. त्यांच्या आईबापांस दोन शब्द सांगावेत, एवढाच हेतू.

माझी बदली ठाण्यावरून प्रशिक्षण विद्यालयात झाली, तेव्हा घरात जणू सुतक आले. "काही चुकले का हो?" असे नातलग हळूच विचारीत. चुकले होते खरेच. पण बदलीशी त्याचा संबंध नव्हता. उमेदीच्या काळात चोरीच्या एका प्रकरणी जप्तीचा पंचनामा मी घाईने उरकला. मुद्देमालास मोहोर लावावयाची राहिली, पंच उलटतपासणीत डगमगले आणि आरोपी सुटला. फिर्यादी म्हातारीने मला बोल लावला नाही. तेच अधिक बोचले. पुढे बारा वर्षे तोच पंचनामा फळ्यावर मांडून मी नव्या फौजदारांस शिकविले. म्हातारीचा ऐवज काही परत आला नाही. पण ती चूक इतर अनेकांच्या हातून टळली असेल.

याहून थोर उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. नागपूरजवळील कामठीत 1916 साली जन्मलेले रुस्तमजी 1938 साली पोलीस सेवेत शिरले आणि 1965 साली सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. पुढे 1977 साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य या नात्याने त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले. खटला न चालताच, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ कोंडलेली माणसे तेथे होती. त्यांनी ती स्थिती वृत्तपत्रात मांडली. त्यावरून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 सालच्या हुसैनारा खातून प्रकरणात जलद खटला हा मूलभूत हक्क ठरला आणि हजारो कच्च्या कैद्यांची सुटका झाली. ही किमया लाठीची नव्हे, अभ्यासाची.

आज तर या कामाची निकड वाढली आहे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक झाले. हे हवालदारास शिकविणार कोण? पोलिसांच्या अभ्यासासाठी 1970 साली केंद्राने पोलीस संशोधन व विकास ब्यूरो स्थापिला. परंतु संस्था माणसांवाचून चालत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच: मुलगा वा मुलगी ठाणे सोडून अध्यापनाकडे वा संशोधनाकडे वळली, तर "अडगळीत पडली" असे म्हणू नका. पेढे वाटा. मंडळानेही सेवेत असलेल्यांच्या पुढील शिक्षणासाठी एखादी शिष्यवृत्ती राखावी. तिचा पहिला हप्ता माझ्या निवृत्तिवेतनातून मी आजच देत आहे.