खट्‌कन बसली म्हणजे जुळली नव्हे

शिक्षकबंधूंनो, आपल्या आर्वी-आष्टीकडे शाळेतल्या नेटवर्क स्विचचा पासवर्ड हरवला, की मास्तर तो पिशवीत घालून नागपूर गाठतात. त्याआधी त्याच्यावर ‘कन्सोल’ लिहिलेले पोर्ट पाहावे. नेटवर्क बंद असले तरी यंत्र तेथून बोलते.

पण जपून बरं का! हे पोर्ट पुष्कळदा नेटवर्कच्या पोर्टसारखेच दिसते. साधी केबल त्यात खट्‌कन बसते, आणि पडद्यावर अक्षर उमटत नाही! येथे कन्सोलचीच केबल हवी. कारण एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात पडायला हवे. संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टात दोन नंबरची पिन ऐकते, तीन नंबरची बोलते, पाचवी सामाईक. नव्या लॅपटॉपला हे पोर्टच नसते. त्याला यूएसबीचा अडॅप्टर लावावा. वेग बहुधा ९६०० असतो.

खरा धोका व्होल्टांचा. १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ पद्धतीत संदेश अधिक-उणे ३ ते १५ व्होल्टांचा असतो. काही स्वस्त राउटरांच्या आतल्या पिनांना मात्र ३.३ व्होल्टच सोसतात. तेथे आरएस-२३२ जोडलेत, तर चिप जळालीच म्हणून समजा. त्यांच्यासाठी ३.३ व्होल्टांचा निराळा अडॅप्टर मिळतो. त्याच्या तीनच तारा जोडाव्यात. वीज देणारी चौथी मोकळी सोडावी.