मोटारीची निगा आणि हाताचें शिक्षण

जी विद्या नुसती ऐकून येत नाहीं, तिच्याविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. नभोवाणीवरून असा विषय मांडावा यांत थोडी विसंगति आहे खरी. पण तीच माझ्या भाषणाचें सूत्र असल्यामुळें आपण ती चालवून घ्यावी. विषय आहे तो मोटारीच्या रंगाची निगा राखण्याचा, आणि ती कला प्रौढ माणसांच्या हातीं कशी उतरवावी याचा.

आमच्या पुण्यांत जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी मंडळींचें एक लहानसें मंडळ आहे. बहुतेकांजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या फियाट वा प्रीमियर पद्मिनी आहेत. मुंबईंत टॅक्सी म्हणून राबणारी पद्मिनी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. आमच्या मंडळींच्या पद्मिनी अजून चाकरींत आहेत. घरीं जुनीच्या शेजारीं एखादी नवी गाडीहि असतेच. पस्तीस वर्षें मुलांना शिकवून मीहि निवृत्त झालों. मास्तरांना वेळ आहे आणि त्यांच्या गाडीचा मूळचा रंग अद्याप टिकून आहे, एवढ्या दोन पुराव्यांवर मंडळानें मला या विषयाचा वर्ग घेण्याची आज्ञा केली. गेलीं दोन वर्षें पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर असा वर्ग आम्ही भरवितों.

या कामास हल्लीं 'डीटेलिंग' असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांवाला भिण्याचें कारण नाहीं. धुणें, चिकटलेली घाण उचलणें, पॉलिश करणें आणि वर मेणाचें कवच चढविणें, एवढ्या चार क्रियांचा तो संसार आहे. परंतु या संसारांत खर्च कशाचा होतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांवर एक रंगहीन, पारदर्शक थर असतो. हा वरचा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरतात. म्हणजे लाखों रुपयांच्या गाडीची सारी चकाकी केंसाहून पातळ अशा पापुद्र्यावर उभी असते! जुन्या गाड्यांना हा पापुद्राहि नसतो. तेथें रंगाचा एकेरी थरच काय तो आधार. गाडी कोणत्या प्रकारची, हें ओळखण्याची खूण सोपी आहे. एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्यानें थोडें पॉलिश हलकें घासावें. फडक्यास गाडीचा रंग लागला, तर थर एकेरी समजावा. आपल्याकडचे रंगारी फवाऱ्यानें दिलेल्या रंगास 'ड्यूको' म्हणतात, तें मुळांत अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचें नांव. जनरल मोटर्सनें १९२४ सालच्या ओकलंड मोटारींस तो दिला. तोंपर्यंत मोटारीचा रंग वाळण्यास दिवसच्या दिवस लागत. हा रंग कांहीं तासांत वाळूं लागला. रंग देणें असें झटपट झालें. राखणें मात्र सावकाशीचेंच राहिलें.

आतां पॉलिशनें ओरखडा 'जातो' म्हणजे काय होतें? ओरखडा भरून येत नाहीं. त्याच्या भोंवतालचा थर झिजवून त्याच्या तळाशीं आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. ही एक ठेव आहे. तिच्यांतून काढतां येतें, घालतां येत नाहीं. ओरखड्यावरून नख आडवें फिरवावें. नख अडलें, तर तो ओरखडा पॉलिशच्या आटोक्याबाहेरचा समजून त्याच्याशीं सख्य करावें, हें उत्तम.

येथेंच शिक्षकाची अडचण सुरू होते. हस्तव्यवसायांतून शिक्षण द्यावें, हा विचार १९३७ सालच्या वर्ध्याच्या परिषदेपासून आपल्याकडे चर्चिला जात आहे. परंतु टकळीवर सूत तुटलें तरी पुन्हां जोडतां येतें. फळ्यावर गणित चुकलें तरी पुसून पुन्हां मांडतां येतें. आमच्या कामांत पाटी पुसतां पुसतां पाटीच झिजते! चुकल्यावांचून हात शिकत नाहीं, आणि चुकण्यास जागा तर नाहीं. म्हणून मीं जुन्या बाजारांतून भंगारांतलें एक काळें बॉनेट आणलें, त्यावर चिकटपट्ट्या लावून बारा पट्टे पाडले, आणि प्रत्येक सभासदास एक एक पट्टा नेमून दिला.

पहिला धडा पाहण्याचा. दारें-खिडक्या लावून घेऊन एक प्रखर दिवा बॉनेटवर धरला कीं दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसूं लागतात. "हा कुणीतरी गोल गोल हात फिरविल्याचा परिणाम," असें मंडळी एका सुरांत सांगतात. मग मी दिवा हातभर सरकवितों. जाळेंहि दिव्याबरोबर सरकतें! ओरखडे वास्तविक वाटेल त्या दिशेस गेलेले असतात. प्रकाशाला आडवे पडणारेच तेवढे चमकतात, म्हणून डोळ्यांस वर्तुळ भासतें. आपण पाहतों तें सगळें असतेंच असें नाहीं, हें चार भिंतींच्या वर्गांत सांगण्यास मला तास लागला असता.

दुसरा धडा स्पर्शाचा. धुतलेल्या पत्र्यावरून उघडा हात फिरवावा. पत्रा गुळगुळीत लागतो. मग तोच हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून फिरवावा. रव्यासारखी खरखर बोटांना जाणवते. ते रंगांत रुतलेले लोखंडाचे, डांबराचे व धुरळ्याचे कण होत. ते उचलण्यासाठीं बाजारांत 'क्ले' म्हणून कणकेसारखी मऊ वडी मिळते. ती साबणाच्या पाण्यावरून हलकेच फिरवावी, आणि जमिनीवर पडली तर मोह न धरतां टाकून द्यावी.

तिसरा धडा धुण्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कारण बहुतेक ओरखडे पॉलिशच्या अभावानें नव्हे, तर पुसण्याच्या हौसेनें पडतात. कोरडी धूळ कोरड्या फडक्यानें पुसणें म्हणजे पॉलिशपेपरनें लाड करणेंच होय. गाडी सावलींत व पत्रा गार असावा. आधीं भरपूर पाण्यानें सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. बादल्या दोन असाव्या : एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकें खळबळण्याची. छतापासून खालीं यावें आणि चाकांचें फडकें निराळें ठेवावें. कपडे धुण्याची पूड वर्ज्य करावी. ती मेणाचें कवचहि धुऊन नेते. बोअरचें पाणी जड असेल तर थेंब वाळूं देऊं नयेत. क्षारांचे पांढरे डाग मागें राहतात. पक्ष्याची विष्ठा ओल्या फडक्यानें भिजवून उचलावी, घासूं नये.

चौथा धडा पॉलिशचा, म्हणजेच थांबण्याचा. सर्वांत सौम्य पॉलिश प्रथम घ्यावें. वीतभर जागेंत हलक्या हातानें उभ्या, मग आडव्या फेऱ्या कराव्या. पुसावें, दिवा धरून पाहावें, आणि गरज असेल तरच पुन्हां घासावें. आमच्यांतील एक इंजिनिअर गृहस्थ म्हणाले, "मास्तर, यंत्रानें हें दहा मिनिटांत होईल, मग हात कशाला शिणवायचे?" मीं म्हटलें, "यंत्र अवश्य घ्या. पण कोठें थांबावें हें त्याला ठाऊक नसतें; तें आधीं आपल्या हाताला ठाऊक करून द्या." त्यांनीं त्याच बॉनेटवर आपल्या पट्ट्यांत यंत्र चालविलें. बॉनेटच्या धारेवर रंग पातळ असतो. बघतां बघतां खालचें अस्तर उघडें पडलें. कोणी हंसलें नाहीं. त्या दिवसापासून तें बॉनेट आमचें पाठ्यपुस्तक झालें आहे. सगळें साधल्यावर मेणाचा अगदीं पातळ हात द्यावा, धुरकट होऊं द्यावा आणि स्वच्छ फडक्यानें पुसून घ्यावा.

येथवरचें सारें पद्धतीचें झालें. परंतु या वर्गानें माझ्यापुढें एक प्रश्न टाकला, तो सांगितल्याशिवाय भाषण पुरें होणार नाहीं.

दिव्याखालीं आपल्या नव्या गाडीवरचें जाळें पाहून एक डॉक्टरबाई संतापल्या. "हा आमच्या गाडी पुसणाऱ्याचा प्रताप! उद्यांपासून त्यांना येऊं नका म्हणून सांगतें."

मीं विचारलें, "बाई, त्यांना फडकें कोणीं दिलें?"

"मींच. जुन्या चादरीचें."

"आणि बादल्या किती?"

बाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "एक."

पुढच्या वर्गास त्या स्वतःच त्या गृहस्थांना घेऊन आल्या. साठीला टेकलेले, इमारतींत सगळे त्यांना मामा म्हणतात. मीं त्यांना पिशवींत हात घालून बॉनेटवरून फिरविण्यास सांगितलें. जी खरखर शोधण्यास आमच्या सभासदांस बराच वेळ लागला होता, ती त्यांनीं पहिल्याच फेरींत बोटानें दाखविली. तीस वर्षें त्यांचा हात पत्र्यावर फिरला होता. त्या हाताला कमी होतें तें ज्ञान नव्हे, दुसरी बादली! सगळे धडे त्यांनीं मन लावून पाहिले आणि शेवटीं म्हणाले, "गुरुजी, सगळं पटलं. पण सकाळीं आठच्या आंत माझ्या बावीस गाड्या होतात. दोन बादल्या घेऊन इतक्या गाड्या कशा व्हायच्या, तें सांगा."

श्रोतेहो, हें गणित मला सुटण्यासारखें नव्हतें, कारण त्याचें उत्तर मामांच्या हातांत नव्हतें. तें गाडीच्या मालकांच्या हातांत होतें. रोज सकाळीं गाडी चकचकीत दिसली पाहिजे, हा हट्टच रंगाचा वैरी आहे. डॉक्टरबाईंनीं आपल्या इमारतींत बोलणें केलें. पगार तोच ठेवावा, रोजचें पुसणें बंद करावें, आठवड्यांतून दोनदां दोन बादल्यांनीं नीट धुवावें, आणि फडकीं मालकांनीं द्यावीं, असें ठरलें. बावीसांपैकीं सहा घरांनीं तें मानलें. उरलेल्या सोळा घरीं अजून रोज सकाळीं कोरडें फडकें फिरतें. सहा म्हणजे फार नव्हेत. पण तीं सहा घरें मामांचें ऐकतात. माझ्या वर्गानें त्यांना नवें कौशल्य फारसें दिलें नसेल. त्यांच्या शब्दाला मात्र थोडें वजन दिलें.

पस्तीस वर्षें मुलांना शिकवितांना मी मानीत आलों कीं, शिकणारा चुकतो तो न समजल्यामुळें. या वर्गानंतर मी त्यांत एक पुस्ती जोडतों : पुष्कळदां त्याला समजलेलें असतें, परंतु समजल्याप्रमाणें करण्याची सवड आपणच त्याला दिलेली नसते. म्हणून ज्याला हाताचें काम शिकवावयाचें आहे, त्यानें त्या हाताला साधन काय आहे आणि वेळ किती आहे, हें आधीं विचारावें. धडा मागाहून द्यावा.

उद्यां सकाळीं आपल्या दारांतली गाडी कोणीतरी पुसेल. शक्य झालें तर आपण एकदां खालीं उतरावें, पिशवींत हात घालून पत्र्यावरून फिरवून पाहावा, आणि त्या माणसापाशीं दोन मिनिटें उभें राहावें. बाकीचा पाठ नभोवाणीवरून देतां येण्यासारखा नाहीं. तो तेथेंच मिळेल.