वाढत्या वणाचे कूळ



अध्यक्षाने उपचारांचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. ती मी बाजूला ठेवतो. इंजेक्शने, सिलिकॉन, शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन यांवर पुढच्या सत्रांत माझ्याहून जाणकार मंडळी बोलणारच आहेत. मला बोलायचे आहे ते केलॉइडच्या आनुवंशिकतेबद्दल, कारण आपल्या केसपेपरवर तिला सहसा एक ओळही मिळत नाही.

कॉलेजातली मुलगी येते. कानाच्या पाळीमागे बोराएवढी टणक, तुकतुकीत गाठ. खाज सुटते, त्या कुशीवर झोपवत नाही. "टोचणाऱ्याची सुईच घाण होती," असे आई ठणकावून सांगते. आपण गाठ चाचपतो, इंजेक्शनची तारीख देतो. आईच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या जागी चांगला दोन बोटे रुंद, लालसर उंचवटा असतो. तो पदराखालीच राहतो, कारण आपण विचारलेलेच नसते.

साधा फुगीर वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुढे बसतोही. केलॉइड हद्द ओलांडते. नुसते कापून काढले तर बहुधा पुन्हा येते, कित्येकदा आधीपेक्षा मोठे. हे सर्वांना ठाऊक आहे. ते कोणाला होते, हा प्रश्न जास्त अवघड आहे.

2001 साली मार्नेरॉस आणि सहकाऱ्यांनी 14 घराण्यांचे वंशवृक्ष मांडले. 341 माणसांपैकी 96 जणांना केलॉइड होते. दोष एकाच पालकाकडून येऊ शकतो, पण तो अंगात असूनही काहींच्या कातडीवर कधी उमटतच नाही, असे त्यातून दिसले. पुढे 2004 मध्ये एका जपानी घराण्यात त्याचा माग दुसऱ्या गुणसूत्रावर लागला, तर एका आफ्रिकी-अमेरिकी घराण्यात सातव्यावर. 2010 च्या मोठ्या जपानी अभ्यासात आणखी तीन जागा सापडल्या, त्यांतल्या एकीवर एनईडीडी4 हे जनुक आहे. तेव्हा 'केलॉइडचे जनुक' असे एकवचनी बोलणे आता सोडून द्यावे. काळ्यासावळ्या लोकांत हा विकार जास्त, म्हणून रंगद्रव्यावर खापर फोडण्याची सवयही सोडावी. आफ्रिकेत वर्णहीनता असलेल्या लोकांतही तो जवळपास इतरांइतकाच आढळला.

पण जनुके तर अंगभर तीच असतात. मग छातीचे मधले हाड, खांदा, कानाची पाळी इथेच हे का माजते आणि पापणीवर, तळहातावर जवळजवळ कधीच का नाही? त्वचेवरचा ताण हे अर्धे उत्तर. पाळीवर तो कुठे असतो? शिवाय गाठीतले फायब्रोब्लास्ट काढून प्रयोगशाळेच्या बशीत वाढवले, तरी ते कोलॅजेन गाळतच राहतात. जखम भरल्याची खबर त्यांना पोचलेलीच नसते. डीएनएची अक्षरे तीच असताना त्यांवरच्या मिथाइल खुणा, हिस्टोनची बांधणी आणि एमआयआर-21 सारखे सूक्ष्म आरएनए या पेशींत बदललेले दिसतात.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा रुबिनस्टाइन-टेबी सिंड्रोमचा. त्यात बहुधा सीआरईबीबीपी हे जनुक बिघडलेले असते आणि त्याचे प्रथिन हिस्टोनवर अॅसिटिल खुणा चढवण्याचे काम करते. या रुग्णांपैकी कित्येकांना क्षुल्लक ओरखड्यानेही, कधी कधी तर काही न लागताही, केलॉइड येते.

तरी हात राखून बोलू या. आपण तपासतो ती गाठ पूर्ण तयार झालेली असते, तिच्यातल्या खुणा कारण आहेत की परिणाम हे तिच्यावरून ठरत नाही. मिथाइल खुणा पुसणारी औषधे बशीतल्या पेशींना आवरतात खरी, पण तेवढ्यावर रुग्णाला आशा लावू नये. (आणि 'एपिजेनेटिक क्रीम' घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीला चहा पाजून वाटेला लावावे.)

घराण्याची माहिती मात्र आजच उपयोगी आहे. अकरा वर्षांच्या आत कान टोचलेल्यांपेक्षा नंतर टोचलेल्यांत केलॉइड बरेच जास्त, असे एका छोट्या अमेरिकी पाहणीत दिसले. आपल्याकडे तान्हेपणी टोचलेले कान बहुधा निभावतात. विशीतले दुसरे-तिसरे भोक आणि हौसेची भिकबाळी नडते. अशा मुलामुलींना आधी घरच्यांचे वण विचारावेत आणि उत्तर होकारार्थी आले तर स्पष्ट नाही म्हणावे.

या वर्षी प्रत्येक केलॉइड रुग्णामागे तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्यात ज्यांना गाठ आली त्यांची नोंद होईलच. सिझेरियन झाले, अपेंडिक्स काढले, तरी ज्यांचा वण सपाट राहिला, त्या मावशी-काकांची नावे विसरू नका. त्यांची कातडी कशामुळे वाचली, हे मला जास्त जाणून घ्यायचे आहे.