विवाहापूर्वीचा एक राहून गेलेला विचार
(वार्षिक सभेतील निवेदन)



ताळेबंद आपणांपुढे ठेवून झाला. आता कोणत्याही खतावणीत न मावणाऱ्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी. विवाह ठरला की पत्रिका, दागिने, मंगल कार्यालय यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. परंतु प्रथम शरीरसंबंधाला सामोऱ्या जाणाऱ्या मुलामुलींच्या शरीरा-मनाची तयारी झाली आहे काय, हे कोणीच विचारत नाही.

हा संकोच केवळ आपल्या जरीपटक्यातला नाही. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. पुढे डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ उपक्रमाद्वारे तरुणाईशी मोकळा संवाद सुरू केला.

आमची उणीवही येथे सांगणे प्राप्त आहे. आमच्या नोंदणी खिडकीवर पूर्वी साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा स्वरात तक्रार विचारली जाई. एकदा एक तरुणी उत्तर न देता केसपेपर तेथेच ठेवून निघून गेली. ती पुन्हा आली नाही. तिला काय विचारावयाचे होते, हे आम्हांस कधीच कळणार नाही. तेव्हापासून खिडकीवर केवळ नाव, वय व पत्ता घेतला जातो. तक्रार आतील खोलीत, दार लावून ऐकली जाते.

तेथे सांगावयाच्या गोष्टी साध्या आहेत. पहिल्याच संबंधातूनही गर्भ राहू शकतो. निरोधामुळे गर्भधारणा व संसर्ग, दोहोंपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. रक्तस्राव झाला वा न झाला, यावरून कौमार्य ठरत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास आळा घालणारी एचपीव्ही लस 9 ते 14 या वयात, संबंधांपूर्वीच, घेणे अधिक हितावह. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही.

मनाची तयारी याहून नाजूक. भय वा दडपण नसताना होकार देता यावा, ‘आज नको’ म्हणता यावे आणि जोडीदाराने ते न रागावता ऐकावे, इतकाच तिचा अर्थ. गळ्यात मंगळसूत्र पडल्याने ती आपोआप येत नाही. मुलग्यांच्या मनातही धास्ती असते. मित्रांच्या थट्टेपलीकडे त्यांना विचारावयास जागा नसते.

अशा माहितीने मुले बिघडतील, ही काही ज्येष्ठांची शंका आम्ही आदराने ऐकली. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेनुसार, लैंगिक शिक्षणाने संबंधांची सुरुवात लवकर होते, असे अभ्यासांत दिसत नाही.

खोली आपल्याकडे आहे. आठवड्यातून दोन दुपारी तेथे बसणाऱ्या एका समुपदेशिकेच्या व एका समुपदेशकाच्या मानधनाची तरतूद आगामी अंदाजपत्रकात व्हावी, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. आणि पालकांनी आपल्या मुलामुलींना तेथे जाण्यास अडवू नये, एवढेच मागणे.