दिव्यांचा डबा की विजेची काळजी?

शिरूर-दौंड भागात मुलगा खेळांसाठी संगणक मागतो, तेव्हा सारी चर्चा ग्राफिक्स कार्डावर होते. ते रास्तच, पडद्यावरचं चित्र तेच घडवतं, म्हणून बजेटचा मोठा वाटा त्याचा. पण मळ्यातल्या वस्तीवर कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. तेव्हा काचेच्या, दिव्यांच्या कॅबिनेटचे पैसे वाचवून चांगला एसएमपीएस आणि भार पेलणारा यूपीएस घ्यावा; अर्थिंग तपासून घ्यावं. हलका एसएमपीएस जळताना कधी मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि १०८०पी मॉनिटर सुरुवातीला पुरे. बाकीची हौस पुढच्या उसाच्या बिलावर!