वरचे पाणी, खालचे पाणी



संत जनाबाईंचे जन्मगाव गंगाखेड गोदावरीच्या तीरावर वसले आहे. नदी दारात असूनही दुष्काळात घसा कोरडा का, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे वाटते : वरच्या धरणांतून पाणी सोडावे. परंतु नाशिक-अहिल्यानगरच्या त्या धरणांवर तेथील गावांची तहान, ऊस आणि द्राक्षबागाही विसंबून आहेत. म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी सूत्र ठरविले : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे.

सूत्र ठरले, पण प्रश्न संपला नाही. कोरड्या पात्रात सोडलेले पाणी वाटेतच मुरते. पात्रालगतचे पंप काही उपसतात. उरलेले पैठणला पोहोचले, तरी परभणीपर्यंत येणाऱ्या २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला किती मिळणार, हा प्रश्न राहतोच.

नाशिककर आणि गंगाखेडकर एकाच गोदामाईची लेकरे आहेत. भावंडांतील वाटणी आरोळ्यांनी होत नाही. ती चोख मोजमापाने आणि पाणी पाहून पीक निवडण्याच्या संयमाने होते. ही शिस्त वर नाशिकला हवी, तशीच खाली गंगाखेडलाही हवी.